सुरक्षिततेची भिंत : नांदेड-लातूरच्या इतिहासातून एक प्रश्न

१/
‘सुरक्षितता’ हा शब्द आज विम्याच्या जाहिरातीत, निवडणुकीच्या सभेत आणि मुलांच्या करिअरविषयीच्या घरगुती चर्चेत सारख्याच सहजतेने वापरला जातो. जणू ही आधुनिक माणसालाच लागलेली नवी ओढ आहे. आजच्या धाग्यात तिचा माग नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत काढायचा आहे. वाटेत किल्ले, पेव, माळवद, रेल्वे, रोजगार हमी, भूकंप आणि पाण्याची गाडी लागेल. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी माझे मत मांडते, मग पुरावे. प्रत्येक पिढी मागच्या संकटाची आठवण ठेवून भिंत बांधते. पुढचे संकट मात्र दुसऱ्या वाटेने येते आणि पुष्कळदा त्या भिंतीतूनच येते. या दोन जिल्ह्यांत एकेका घराने स्वतःपुरती उभारलेली सुरक्षितता ऐन वेळी अपुरी पडली किंवा उलटली. जी उपयोगी पडली, तिच्यात अनोळखी माणसाचाही वाटा होता.

३/
सुरुवात एका लाडक्या गैरसमजापासून करू. ‘पूर्वी गावात कोणी दाराला कुलूप लावत नसे’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. कुलूप नसेलही, पण गावाभोवती गावकूस होते, वेशीला दणकट दरवाजा होता, पाटील-देशमुखांची गढी होती आणि गढीला बुरूज होते. औसा, उदगीर आणि कंधार येथे तर भुईकोट किल्लेच उभे राहिले. भय नसते तर एवढा दगड कोणी आणि कशासाठी वाहिला असता? जुना काळ निर्भय नव्हता. तेव्हाच्या भयाची ठिकाणे वेगळी होती, इतकेच.

४/
कंधार मुद्दाम पाहावे असे आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. त्याच राष्ट्रकूटांच्या काळात कंधार भरभराटीला आले. तेथे किल्ला आहे, किल्ल्याभोवती खंदक आहे आणि जवळच जगत्तुंग सागर हा मोठा तलाव आहे. ‘जगत्तुंग’ हे राष्ट्रकूटांचे बिरुद. एकाच गावात सुरक्षिततेच्या दोन कल्पना शेजारी-शेजारी दिसतात. किल्ला शत्रूला बाहेर ठेवतो. तलाव आजूबाजूच्या सगळ्यांची तहान भागवतो. पुढचा सारा धागा या दोन कल्पनांभोवती फिरतो.

५/
आता राजांकडून रयतेकडे येऊ. मराठवाड्यातील गावाचे दोन भाग : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीवरचे घर दगड-मातीचे. भिंती दोन फुटांपासून पाच-सहा फुटांपर्यंत जाड. वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर, म्हणजेच माळवद. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून त्यावर पुन्हा माती टाकायची. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरचे ओझे वाढत गेले.

६/
या घराला अडाणीपणाचे घर समजू नये. वैशाखात बाहेर अंग भाजत असताना आत गारवा असे. चोर-दरोडेखोराला भिंत फोडणे जड जाई. बाहेरच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नसतच; उजेड आणि वारा आतल्या चौकातून येई. माळवदावर पापड-कुरडया वाळत, उन्हाळ्यात सारे घर तिथे झोपे. ऊन, पाऊस आणि लुटारू या तिन्ही ज्ञात संकटांवर तो विचारपूर्वक काढलेला उपाय होता. चौथे संकट कोणाच्याच आठवणीत नव्हते. त्याकडे पुढे येऊ.

७/
घराच्या भिंतीइतकीच महत्त्वाची दुसरी सुरक्षितता जमिनीखाली असे : पेव. ज्वारी साठवण्यासाठी खोदलेला हा खोल खड्डा. आत कडबा-भुसा यांचे अस्तर, वर तोंड घट्ट बंद. आत हवा खेळत नसल्याने किडे तगत नसत आणि धान्य काही वर्षे टिके. पेव उघडल्याबरोबर आत उतरणे जिवावर बेतू शके, म्हणून आधी ते मोकळे ठेवावे लागे. एका दुष्काळाला पुरून उरेल इतकी शिल्लक पायाखाली असणे म्हणजे त्या काळचा विमाच होता.

८/
‘अमुक गोष्टीचे पेव फुटले’ असे आपण रोज म्हणतो. पण पेव पाहिलेले आपल्यात थोडेच. बंद तोंड उघडले की आतले धान्य एकदम बाहेर येते, तसे उदंड होणे म्हणजे पेव फुटणे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा : पेव होते कोणाकडे? ज्याच्याकडे शिल्लक होती त्याच्याकडे. सालगडी आणि भूमिहीन मजूर यांच्या पायाखाली नुसती जमीन होती, तीही दुसऱ्याची. दुष्काळात त्याला त्याच पेवाच्या दारात उभे राहावे लागे. आणि मिळालेल्या पायलीभर धान्याची परतफेड पुढची अनेक वर्षे कष्टाने करावी लागे.

९/
याच काळ्या मातीत धान्याकडे पाहण्याची दुसरी रीतही रुजली. १७०८ मध्ये नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांचे महानिर्वाण झाले. सचखंड हुजूर साहिबच्या आजच्या गुरुद्वाराचे बांधकाम महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत झाले. तिथल्या लंगरात जात, गाव, धर्म न विचारता पंगत बसते. पेव बंद राहण्यात त्याची सुरक्षितता. लंगराची शिधा बाहेर येण्यात. एका परंपरेने सर्व प्रश्न सुटतात असे मी म्हणत नाही. परंतु ‘अन्नसुरक्षा’ हा शब्द येण्यापूर्वी ती कल्पना आपल्या जिल्ह्यात रोज वाढली जात होती, हे लक्षात ठेवावे.

१०/
आता गावकुसाकडे. कूस म्हणजे गावाला वेढणारी भिंत. तिच्या आत राहणारे ते गावकरी. वेशीवर पहारा देणारा वेसकर मात्र महार समाजाचा. येणारा-जाणारा कोण याची खबर त्याने ठेवायची आणि अपरात्री धोका असेल तर पहिला घाव त्याने सोसायचा. त्याचे स्वतःचे घर कुठे? गावकुसाबाहेर. ज्या भिंतीची राखण तो करी, तिचा आडोसा त्याला नव्हता. सुरक्षिततेच्या कोणत्याही व्यवस्थेला विचारायचा पहिला प्रश्न मला इथेच सापडतो : ही भिंत कोणाच्या जोरावर उभी आहे आणि ती कोणाला बाहेर ठेवते?

११/
हा प्रश्न भिंती ढासळल्यानंतरही संपला नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या याच काळातली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. तोपर्यंत गावकूस दगडाचे उरले नव्हते; पण बाहेरच्या वस्तीला धोका परक्या लुटारूकडून नसून गावाकडूनच होता. ज्यांना गाव हे आपोआप सुरक्षित ठिकाण वाटते, त्यांनी हे वर्ष विसरू नये.

१२/
आणखी तीस वर्षे मागे जाऊ. निजामाच्या हैदराबाद संस्थानात रझाकारांचे नेतृत्व करणारा कासिम रझवी हा लातूरला वकिली केलेला माणूस. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या दहशतीमुळे सरहद्दीजवळच्या गावांतील कुटुंबे संस्थानाबाहेर गेली. नांदेडच्या सीमेपलीकडे उमरखेड येथे स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. त्या वर्षाच्या भीतीच्या आठवणी आजही अनेक घरांत सांगितल्या जातात. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मुक्तिसंग्राम दिनाचा आनंद खरा आहे. त्यामागचा त्याग मोठा आहे.

१३/
पण त्यानंतरच्या आठवड्यांत काय घडले, हेही आपल्या इतिहासाचा भाग आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने केंद्र सरकारला दिलेल्या अहवालात, कारवाईच्या वेळी व नंतर संस्थानभर किमान २७ ते ४० हजार लोक मारले गेल्याचा अंदाज आहे. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

१४/
रझाकारांचे अत्याचार सांगताना हे झाकणे आणि हे सांगताना रझाकारांना सौम्य करणे, दोन्ही अप्रामाणिकपणाच. एका समूहाने आपली सुरक्षितता दुसऱ्याच्या भयावर बांधली. पारडे फिरताच भय घर बदलून गेले, संपले नाही. त्याच अहवालात, स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. त्या दिवसांत कोणाचा वाडा किती मजबूत होता, यापेक्षा शेजारी कोण होता यावर कित्येकांचे प्राण अवलंबून राहिले.

१५/
आता अर्थकारण. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाला आणि नांदेड त्यावर आले. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळवाट लातूरला पोहोचली. लातूरची बाजारपेठ वाढली. कापूस, तेलबिया, धान्य बाहेर जाऊ लागले. घरातली शिल्लक ज्वारीच्या रूपात पेवात राहण्याऐवजी पैशाच्या रूपात पेढीत राहू लागली. यात लाभ होता. दूरच्या बाजारातून धान्य आणता येऊ लागले. परंतु ज्याच्या हाती पैसा नाही, त्याच्यासाठी भरलेला बाजारही रिकामाच. या रूळवाटेचे नाव लक्षात ठेवा. १०५ वर्षांनी ती पुन्हा येणार आहे.

१६/
१९७२ चा दुष्काळ. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. ते खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी यांबद्दल सांगतील. पेवांचा काळ सरला होता. पण या दुष्काळाने महाराष्ट्राला एक अपूर्व गोष्ट दिली : रोजगार हमी योजना. विधानपरिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे हे तिचे जनक. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. देता आले नाही तर बेकारी भत्ता. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यापुढे हेच उदाहरण होते.

१७/
या योजनेचा पैसा कोठून आला, हे मला योजनेइतकेच महत्त्वाचे वाटते. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला. त्यातून येणाऱ्या रकमेइतकीच भर शासनाने घालायची आणि त्यातून हमीची कामे चालवायची. म्हणजे मुंबई-पुण्यातील नोकरदाराच्या पगारातून कापलेले काही रुपये लोहा किंवा अहमदपूरच्या बांधावर माती उचलणाऱ्या बाईच्या मजुरीत पोहोचत. दोघांची ओळख नव्हती आणि व्हायची गरजही नव्हती. तुमच्या पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत ‘व्यवसाय कर’ दिसला तर वैतागण्यापूर्वी एवढा इतिहास आठवा. योजनेत भ्रष्टाचार झाला, बोगस हजेरीपटही निघाले; पण कल्पना जगत्तुंग सागराच्या जातीची होती.

१८/
आता ते चौथे संकट. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत होती. औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. अधिकृत नोंदीनुसार ७,९२८ माणसे गेली. भूकंपाच्या मापाने ही तीव्रता जगातील मोठ्या भूकंपांत मोडत नाही. मग इतकी माणसे का गेली? कारण ऊन, पाऊस आणि लुटारू यांच्यापासून राखणारे घरच अंगावर आले.

१९/
यामागचे यंत्रशास्त्र साधे आहे. जाड भिंत एकसंध दिसते, पण तिला बाहेरचा आणि आतला असे दोन पदर असतात; मध्ये दगडगोटे आणि चिखल भरलेला. दोन पदरांना शिवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. जमीन हलताच पदर सुटे झाले, भिंती फुगून कोसळल्या आणि माळवदाची कित्येक टन माती खाली आली. गवताने शाकारलेल्या हलक्या झोपड्या तुलनेने तगल्या, असे अभियंत्यांनी नोंदवले. गरिबीचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. मुद्दा एवढाच की जी भिंत जितकी भक्कम भासे, तिचे वजन तितकेच जीवघेणे ठरले.

२०/
चूक फक्त गवंड्याची नव्हती. देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दख्खनचे पठार स्थिर, असा समज रूढ होता. १९६७ च्या कोयना भूकंपानंतरही तो पुरता गेला नव्हता. १९९२ मध्ये किल्लारी परिसराला लहान धक्के जाणवले होते. २००२ च्या सुधारित नकाशात पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. नकाशा हीसुद्धा एक भिंतच असते. तिच्यावर विसंबून आपण निर्धास्त झोपतो.

२१/
पुनर्वसन प्रचंड होते. जागतिक बँकेच्या कर्जासह राबवलेल्या कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पण तिथेही जुना प्रश्न सोबत गेला. घराचा आकार जमीनधारणेवर ठरला. ज्याला जास्त जमीन त्याला मोठे घर, भूमिहीनाला सर्वांत लहान. वेदना समान, निवारा मात्र सातबाऱ्याच्या मापाने. रुंद रस्त्यांची चौकटबंद आखणी झाली. वाड्याचा चौक आणि आळीची लगट तिच्यात बसली नाही. पुढे लोकांनी आपापल्या परीने पडव्या, भिंती, गोठे जोडत त्या घरांना आपले केले.

२२/
याच कार्यक्रमाचा कमी बोलला जाणारा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. जी गावे हलवली नाहीत, तिथे लाखो घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. उपाय अवघड नव्हते : माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड घालणे, वरच्या बाजूने घराला बांधणारा पट्टा देणे. हे ज्ञान दारोदार नेण्याच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. नवे गाव वसवण्याच्या तुलनेत हे काम स्वस्त होते आणि दिसायला साधे होते. कदाचित म्हणूनच त्याची फोटोत नोंद कमी झाली.

२३/
आता रूळवाट परत येते. एप्रिल २०१६ : मांजरा धरण कोरडे. मार्चमध्येच लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या आल्या, म्हणजे खेपेला २५ लाख लिटर. त्या आल्या पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शीमार्गे. ज्या वाटेने १९११ नंतर लातूरचे धान्य बाहेर गेले, त्याच वाटेने आता पाणी आत येत होते. रूळ मधल्या काळात रुंद झाले होते आणि भूजल खोल गेले होते.

२४/
त्या उन्हाळ्यात गाडीमुळे तहान भागली, हे विसरू नये. कृष्णाकाठच्या लोकांचे पाणी अनोळखी शहरासाठी निघाले. पण तहान का लागली? पाऊस कमी झाला हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे बोअर. प्रत्येक घर, प्रत्येक शेत आपली सुरक्षितता अधिकाधिक खोल खोदू लागले. बेसाल्टच्या खडकात पाणी धरण्याची जागा मर्यादित. माझे बोअर खोल गेले की शेजाऱ्याचे आटते, मग तो आणखी खोल जातो. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घातला आहे. कायदा कागदावर आहे आणि बोअरची गाडी गल्लीत.

२५/
आजच्या पिढीचे पेव कोणते? नव्वदच्या दशकापासून ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. आज लातूर आणि नांदेड, दोन्ही शहरांत शिकवणी वर्गांचे खरोखरच पेव फुटले आहे. कोरडवाहू शेतीचा भरवसा उरला नाही, म्हणून घराची सारी शिल्लक एका मुलाच्या किंवा मुलीच्या एका परीक्षेत ओतली जाते. त्या आईबापांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. त्यांनी आपल्यापुढचे संकट नीट ओळखले आहे. पण जागा मोजक्या आणि उमेदवार अगणित असतील, तर ही सुरक्षितताही बोअरसारखी होते. सगळे खोल जातात. पाणी तेवढेच राहते. कोसळणारे माळवद येथे सोळा-सतरा वर्षांच्या डोक्यावर असते.

२६/
यावर एक योग्य आक्षेप येईल : ‘मग स्वतःचे घर सांभाळूच नये काय?’ सांभाळावेच. भिंत बांधू नये, असे किल्लारी सांगत नाही. आरपार दगड घाला, असे सांगते. भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधलेले असतील तर धक्क्यात ती बराच काळ तग धरते. समाजाचेही तसेच आहे. व्यवसाय कर हा आरपार दगड होता, लंगराची पंगत आहे, १९४८ मध्ये दार उघडणारा शेजारी होता. एरवी असा दगड नजरेत भरत नाही, आणि त्याच्यावर होणारा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो.

२७/
हा प्रश्न जुना झालेला नाही. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे नांदेड, हिंगोली आणि परभणी जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचा धक्का जाणवला. त्या दिवशी आपण पंख्यांच्या हलण्याचे व्हिडिओ पाठवले आणि संध्याकाळपर्यंत विसरलो. दगडाच्या जागी आता सिमेंटचे स्लॅब आले आहेत. त्यांच्या आतले लोखंड पुरेसे आहे की नाही, हे मालकालाही दिसत नाही. शाळेच्या इमारतीची तपासणी कधी झाली, गावातील किती बोअर किती खोल आहेत, आपल्या वस्तीत रात्री मदतीला कोणाला बोलावता येते, हे प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखे आहेत. हे विचारायला इतिहासाची पदवी लागत नाही. पण इतिहास वाचलेल्यांनी तरी ते विचारावेत.

२८/
शेवटी एक विनंती. नांदेड-लातूरच्या गावागावांत बुजलेली पेवे, ढासळलेल्या गढ्या, एकटी उभी राहिलेली वेस आणि ओस पडलेली भूकंपापूर्वीची गावठाणे अजून आहेत. आपल्या गावात यांपैकी काय शिल्लक आहे? गावकुसाच्या आत कोण राहत होते आणि बाहेर कोण? १९७२ च्या कामावर घरातले कोण गेले होते? घरातल्या ज्येष्ठांना विचारून, त्यांच्या संमतीने, उत्तरात लिहा. छायाचित्र असेल तर गावाचे आणि तालुक्याचे नाव द्या. पुढचा धागा मराठवाड्यातील जुन्या बारवांवर असेल.